भरदुपारी ट्यूबलाइट

आमच्या मूर्तिजापुरात उजेडाची काय कमी? मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. तरीसुद्धा मैत्रिणींनो, गेली वीस वर्षं मी भरदुपारी ट्यूबलाइट लावून तांदूळ निवडते! घर बांधताना हॉल कुठे, देवघर कुठे, यावर महिनाभर चर्चा झाली. स्वयंपाकघराला खिडकी किती मोठी, हे मला कुणी विचारलं नाही. अन् खरं सांगते, मीही तोंड उघडलं नाही.

सासूबाईंच्या धाब्याच्या घराला छतात सानं होतं. धूर वर जायचा, उजेड खाली चुलीवर पडायचा. आम्ही स्लॅब टाकला आणि सानं गेलं.

हे आठवलं ते आमच्या बचत गटातल्या एकीमुळे. तिला घरकुल मंजूर झालं. जागा २५ चौरस मीटर, त्यातच स्वयंपाकाची जागा. मिस्त्रीनं आखलेल्या त्या कोपऱ्यात खिडकीच नव्हती! सिलिंडर परवडत नाही म्हणून ती अर्धा महिना चूलच पेटवते, अन् लेकरू मांडीवर खोकत असतं. मी तडक तिथे गेले.

"ताई, खिडकी कायले पाह्यजे? ऊन येते, चोर घुसते," मिस्त्री म्हणाला.

मी त्याला सेवाग्रामची बापूकुटी सांगितली. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. आपल्या शेगावशी टपालाचा घोळ होई, म्हणून १९४०मध्ये ते सेवाग्राम झालं. मीराबहेननी उभारलेली ती कुटी मातीची, बांबूची, वर कवेलू. वर्धेचा उन्हाळा काही आपल्यापेक्षा सौम्य नाही. जाड मातीची भिंत ऊन लवकर आत येऊ देत नाही, ओसरीमुळे भिंतीवर सावली राहते.

विटा-सिमेंटच्या घरातही हे थोडंफार साधतं. गरम हवा वर चढते, म्हणून एका भिंतीत खाली खिडकी आणि समोरच्या भिंतीत छताजवळ झरोका हवा. नुसती एकच खिडकी ठेवली तर वारा आत येऊन जाणार कुठे? आपल्यासारख्या कोरड्या, उष्ण भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान दहाव्या हिश्शाइतकी उघडणारी खिडकी असावी, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीला अडीच बाय चार फूट. उत्तरेचा उजेड शांत असतो. दक्षिणेला छज्जा पुरतो, पण पश्चिमेचं तिरपं ऊन छज्ज्याला जुमानत नाही. तिकडे मोठी खिडकी नकोच, कडुनिंब लावावा. उन्हाळ्यात खिडक्या दुपारी बंद ठेवायच्या, रात्री आणि पहाटे सताड उघडायच्या.

चोराची भीती मात्र मला खोटी म्हणता येईना. शेवटी लोखंडी गज ठरले.

"तुमी म्हनता तं काढतो," मिस्त्री कुरकुरला. उत्तरेला खिडकी निघाली, समोर वर सिमेंटची जाळी बसली. पहिल्या दिवशी चूल पेटवली तेव्हा मी मुद्दाम गेले होते. धूर थोडा घुटमळला, मग जाळीकडे निघाला.

निघताना त्याच मिस्त्रीला माझ्या स्वयंपाकघराचं विचारलं. पुढच्या सोमवारी भिंत पाहायला येतो म्हणालाय. आमच्या ह्यांना अजून सांगायचं आहे.