शस्त्रक्रियेनंतरची वेदना : कॅप्सूल, आवळा की खर्रा बंद?

भद्रावती परिसरात कोणाचे ऑपरेशन झाले की भेटायला येणाऱ्यांच्या हातात फळांची पिशवी असते आणि तोंडी सल्ला असतो. कोणी म्हणते, ‘टाके आहेत, दुखणारच, सहन करा.’ कोणी ‘अँटिऑक्सिडंट’च्या महाग कॅप्सूल सुचवते. या दोन्ही सल्ल्यांची जरा तपासणी करायला हवी.

शस्त्रक्रियेत पेशींना इजा होते, काही भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबतो. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये बरेचदा मांडीला पट्टा आवळून रक्त रोखून धरतात. पट्टा सुटला की ऑक्सिजन एकदम परत येतो आणि त्यातूनच ‘फ्री रॅडिकल्स’ म्हणजे मुक्त मूलके मोठ्या संख्येने तयार होतात. हे रेणू अस्थिर असतात; शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावतात. त्यामुळे सूज वाढते, वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची टोके हळवी होतात आणि साधा स्पर्शही झोंबतो.

पण ही मूलके निव्वळ शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारतात, त्या याच हत्याराने. ती आवरायला शरीराकडे स्वतःची यंत्रणा आहे. त्यातल्या ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’ या विकराचे काम 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिले. आहारातले क जीवनसत्त्व या कामी मदत करते. चिरलेल्या वांग्यावर लिंबू पिळले तर ते लवकर काळे पडत नाही, तसाच काहीसा हा प्रकार.

मग कॅप्सूल घ्यावी का? नेदरलँड्समध्ये मनगटाचे हाड मोडलेल्या रुग्णांना रोज 500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व 50 दिवस दिले गेले. हाड जुळल्यावरही हात सुजून ठणकत राहण्याचा चिवट विकार त्यांच्यात 7 टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांत 22 टक्के आढळला. हा अभ्यास 1999 चा. 2007 च्या मोठ्या अभ्यासातही फायदा दिसला. मात्र 2014 मध्ये एडिंबरोच्या 336 रुग्णांत काहीच फरक पडला नाही. म्हणजे आशा आहे, खात्री नाही. शिवाय भरमसाट क जीवनसत्त्वाने मुतखड्याचा धोका वाढतो. त्यामुळे अशी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. हिवाळ्यातला आवळा, पेरू, लिंबू, हिरव्या भाज्या यांतून रोजची गरज सहज भागते.

खरा बदल करायचा तो दुसरीकडे. विडी-सिगारेटचा प्रत्येक झुरका मुक्त मूलकांचा लोंढाच आत सोडतो. खर्ऱ्यातले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते. जखमेपर्यंत रक्त आणि ऑक्सिजन कमी पोचतो. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी धूम्रपान सोडल्यास गुंतागुंत कमी होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खर्राही त्याच दिवशी थांबवावा. ऑपरेशनची तारीख ठरली, तोच पुडी सोडण्याचा मुहूर्त समजावा. तारीख जवळची असेल तरी सोडावीच; पण त्यासाठी तातडीचे ऑपरेशन पुढे ढकलू नये.

आता पहिल्या सल्ल्याविषयी. वेदना सहन करण्यात पुरुषार्थ नाही. पोटाचे टाके दुखतात म्हणून रुग्ण खोकत नाही, मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. दुखते म्हणून चालत नाही, मग पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. म्हणून लिहून दिलेली वेदनाशामके ठरल्या वेळी घ्यावीत. मनाने वाढवू नयेत, मनाने बंदही करू नयेत. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा पोटातील अल्सरचा त्रास असेल तर तो आधीच सांगावा. वेदना कमी होत जाण्याऐवजी वाढत असेल, ताप असेल, जखमेतून पू येत असेल किंवा पोटरी सुजली असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणभरही थांबू नये.

भेटायला जाताना आवळे, पेरू जरूर न्या. फक्त त्या पिशवीत खर्ऱ्याची पुडी नको.