वस्त्रे साताऱ्याची, कारभार पुण्याचा

मॉरिसव्हिलला आमच्या गावचा रोजचा कारभार पगारी मॅनेजर बघतो. त्याला नेमते लोकांनी निवडलेली कौन्सिल, आणि काढूही शकते तीच. मध्ययुगीन इटलीतल्या नगरांतही असा कारभारी असे, पोदेस्ता: बाहेरगावचा, वर्षा-सहा महिन्यांच्या बोलीवर आणलेला. पुढे मुदती गेल्या आणि नगरे घराण्यांच्या हाती गेली. फेराराने तर १२६४ साली भरसभेत ओबित्सो एस्तेला कायमचा धनी केले. हे वाचले की मला छत्रपतींचा सातारा आठवतो.

पेशवा म्हणजे छत्रपतींचा मुख्य प्रधान. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे दिली, ती काही वंशपरंपरेने नव्हे. पण १७२० मध्ये बाळाजी वारले आणि वस्त्रे एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना मिळाली. १७४० मध्ये त्यांच्या मुलाला, नानासाहेबांना.

माझ्या मते खरी मेख पैशात होती. बाळाजींनी १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. वसुलीला फौज लागे, फौजेला कर्ज, आणि कर्ज फेडायला पुढची मोहीम. त्या मोहिमांत मोठे झालेले शिंदे-होळकरांसारखे सरदार साताऱ्याआधी पेशव्यांच्या पुण्याकडे बघू लागले. शाहू महाराज १७४९ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी सांगोल्याला नवे छत्रपती रामराजे यांनी कारभार पेशव्यांकडे सोपवला.

आता पेशव्यांचा शिक्का पाहा. आरंभी ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’, मग पेशव्याचे नाव, शेवटी ‘मुख्य प्रधान’. छत्रपती बदलले तेव्हा वरचे नाव बदलले, त्याची जागा तीच राहिली. मला हे ढोंग वाटत नाही. राज्य शिवछत्रपतींचे, ही भावना या मुलखात इतकी मुरलेली होती की अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्यांनाही स्वतःचे नाव वर घालावेसे वाटले नाही. म्हणूनच दर पिढीला साताऱ्याहून वस्त्रे यावी लागत.

पेशवे नारायणरावांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला. पुढच्या एप्रिलात पुरंदरावर त्यांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला. तो चाळीस दिवसांचा असताना वस्त्रे गडावर आली आणि पाळण्यातले बाळ मुख्य प्रधान झाले. त्याच्या नावाने हुकूम सुटू लागले, आणि ते लिहवून घेत होते सखारामबापू आणि नाना फडणीस: प्रधानाचे कारभारी.