आईचे विसरणे

आमची आई मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्याच्या बाजूला, पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघर फिरून गोळा करते. कोणाचा हप्ता किती, हे तिला तोंडपाठ. गेल्या वर्षी मात्र एका दारात ती थबकली. समोरच्या बाईंचे नावच तिला आठवेना. त्या रात्री ती मला म्हणाली, "आमच्या आईला शेवटी घरची माणसंसुद्धा ओळखू येईनात. माझंही तसंच होणार का रे?" आई तेव्हा ४७ वर्षांची होती. मी पडलो कला शाखेचा विद्यार्थी. उत्तर देता आले नाही. म्हणून वाचायला बसलो. जे समजले ते येथे मांडतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो. त्याच्यापाशी साठा जवळपास नसतोच. टाकी नसलेल्या घराला नळ अखंड चालू लागावा, तशी त्याची गत. मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर रक्त त्याला लागते, आणि जो भाग कामाला लागेल तिकडे ते अधिक वळवावे लागते.

या कामात इस्ट्रोजेन हे संप्रेरक मदत करते. त्याच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि वाहिन्या सैलावतात. आपल्याकडे रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. त्याआधी काही वर्षे इस्ट्रोजेन सारखे वर-खाली होते. अंग एकाएकी तापते, झोप मोडते, आणि नेमके नाव ओठांवर येऊन अडते. पुरुषांची संप्रेरके हळूहळू उतरतात. त्यामुळे असा धक्का बसत नाही.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, अमेरिकेत २३६२ स्त्रियांची चार वर्षे पाहणी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, या संक्रमणकाळात मंदावलेली शिकण्याची गती रजोनिवृत्तीनंतर पुन्हा सुधारते. म्हणजे हे विसरणे हा स्मृतिभ्रंशाचा आरंभ असतोच असे नाही.

मग संप्रेरकाच्या गोळ्या घेतल्या की झाले, असे मला वाटले. पण २००३ साली वेगळेच दिसून आले. पासष्टी उलटलेल्या ज्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुप्पट आढळले. अंगाची तगमग असह्य असेल तर डॉक्टर या गोळ्या देतात. स्मरणशक्तीसाठी त्या नव्हेत.

पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं की व्हायचंच" म्हणून आईला परत पाठवले होते. दुसऱ्यांनी थायरॉइड, बी-१२ तपासले आणि रक्तदाब मोजला. तो १५०/९६ निघाला! वाढलेला रक्तदाब मेंदूच्या बारीक वाहिन्या हळूहळू निकामी करतो. इस्ट्रोजेन ओसरल्यावर तो वाढण्याचा संभवही अधिक. आणि त्यावर उपाय आहे.

आता आई रोज गोळी घेते, संध्याकाळी चालते. अजूनही कधीतरी नाव अडते. तेव्हा ती हसून म्हणते, "थांबा हं, येतंय." आणि ते येतेही. वाचकहो, आपापल्या आईचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे आज घरी गेल्यावर जरूर विचारा.