दीर्घ लेखांची मांडणी

अलीकडे अनेक सुशिक्षित कुटुंबांतील वडील मंडळी आपल्या आठवणी, कुलवृत्तान्त, प्रवासवर्णनें संगणकावर लिहून मुलां-नातवंडांकडे पाठवितात. हा उपक्रम स्तुत्य आहे. तथापि दहा-दहा पृष्ठांचा मजकूर एकाच सलग परिच्छेदांत आला म्हणजे तरुण मंडळी "सवडीनें वाचूं" म्हणून तो बाजूस ठेवितात, आणि ती सवड बहुधा येत नाहीं. पुढें लिहिणारे वडीलच राहिले नाहींत म्हणजे ती हकीगत विचारावी कोणाला? म्हणून लेखाच्या बाह्य मांडणीचा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

कोणी म्हणतील, जुन्या पोथ्यांत शब्दही सुटे लिहीत नसत, तरी विद्या टिकलीच ना? हें खरें, परंतु पोथी वाचणारास ग्रंथ बहुधा मुखोद्गत असे, किंवा पदच्छेद करून सांगणारे गुरुजी जवळ असत. पोथ्या लिहिणारेही कित्येकदां दंडांवर व 'उवाच' या पदावर गेरू लावून वाट सुगम करीत. मुद्रित गद्य मात्र एकट्यानें व मनांत वाचावयाचें असतें. मेजर कँडी यांनीं १८५० मध्यें 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक लिहिलें, तें याच सोयीसाठीं.

तर्कसंग्रह पढलेल्यांस ठाऊक आहे कीं, वाक्यार्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व सन्निधि हीं तिन्ही लागतात. 'गाय' हें पद आतां उच्चारलें व 'आण' हें प्रहरानें उच्चारलें, तर सन्निधि नसल्यामुळें बोध होत नाहीं. आमच्या मतें हा नियम डोळ्यांसही लागू आहे. ओळ फार लांब असली कीं, पुढील ओळीचा आरंभ शोधतांना दृष्टि चुकते आणि अर्थाचा धागा तुटतो. यास्तव एका ओळींत दहा-बारा शब्द पुरेत. देवनागरींत शिरोरेषेच्या वर मात्रा व अक्षराखालीं उकार येतात. म्हणून दोन ओळींमध्यें पुरेसें अंतर ठेवावें. मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठीं दोन्ही कडा सारख्या करूं नयेत. आपले लांब सामासिक शब्द ओळीच्या शेवटीं मावत नाहींत व मध्यें भगदाडें पडतात.

एका परिच्छेदांत एकच विषय असावा. दोन-तीन परिच्छेदांनंतर उपशीर्षक द्यावें; तेंही 'कांहीं आठवणी' असें मोघम नसून 'कोकणांतील घर कां सोडलें' असें, म्हणजे आकांक्षा उत्पन्न करणारें असावें. ठळक अक्षरें क्वचितच वापरावीं.

लेख पुरा झाल्यावर तो घरांतील एखाद्या मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा. वाचणारा जेथें अडखळेल, तेथें विराम किंवा नवा परिच्छेद हवा असें समजावें. आयुष्याचा अनुभव लिहून काढण्याचे कष्ट ज्यांनीं घेतले, त्यांनीं एवढे थोडे श्रम अधिक घ्यावे, अशी आमची विनंती आहे.