चॉकलेट सिस्ट, कॅन्सर आणि एका जीनच्या जास्तीच्या कॉपीज

'एंडोमेट्रिओसिस' सर्च केलं की कुठेतरी 'कॅन्सर' दिसतोच, आणि झोप उडते. म्हणून आधी आकडा बघा. आयुष्यभरात ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे 100 बायकांमागे एकीपेक्षा थोडी जास्त असते. एंडोमेट्रिओसिस असेल तर ती 2 च्या आसपास जाते. म्हणजे बहुतेकींना तो होतच नाही.

मग संबंध कुठला? या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्याच जागी, बरेचदा ओव्हरीवर वाढतो. पाळीत तिथेही रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. साचून साचून तपकिरी गाठ होते, तीच 'चॉकलेट सिस्ट'. जुन्या रक्तात लोह भरपूर असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं डीएनएला इजा होत राहते आणि क्वचित एखादी पेशी बिघडते, असं संशोधकांना वाटतं. त्यातून होणारा एक कॅन्सर म्हणजे क्लिअर सेल कार्सिनोमा.

बिघाड दोन तऱ्हांचा. म्युटेशन म्हणजे फाईलमधला मजकूरच चुकणं. अ‍ॅम्प्लिफिकेशनमध्ये मजकूर ठीक असतो, पण कॉपीज भरमसाट होतात. एरवी जीनच्या दोनच कॉपीज असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून.

जपानमध्ये ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये क्लिअर सेलचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे. तिथल्या नागोया विद्यापीठाच्या टीमने 2013 मध्ये अशा गाठी तपासल्या. सर्वात जास्त वेळा अ‍ॅम्प्लिफाय झालेला जीन निघाला 'मेट'. पेशीला 'वाढ' असा बाहेरून येणारा मेसेज पकडणं हे त्याचं काम. कॉपीज वाढल्या की पेशी तो मेसेज जरा जास्तच ऐकते. ज्यांच्या गाठीत मेट वाढलेला होता, त्यांचं प्रॉग्नोसिस, म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज, जास्त वाईट होता.

पण हा अंदाज गटाचा असतो, एका पेशंटचा नाही. स्टेज कुठली आणि ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण निघाली का, यावर खूप काही ठरतं.

आणि ऑनलाइन मिळणारी थुंकीची डीएनए किट? ती इथे कामाची नाहीत. हा बदल जन्मतः नसतो, तो फक्त गाठीच्या पेशींत घडतो. त्यामुळे काढलेल्या गाठीचा तुकडाच लॅबमध्ये तपासावा लागतो. मेटला रोखणाऱ्या गोळ्या फुफ्फुसाच्या काही कॅन्सरसाठी वापरात आहेत, ओव्हरीसाठी मात्र ते अजून नेहमीचं उपचार नाही.