वेल्डिंगच्या ठिणगीतून शिल्प: पिलू पोचखानवाला

तळेगावच्या औद्योगिक वसाहतीचा पसारा नवलाख उंबरेपर्यंत पोहोचला आणि मावळातल्या अनेक घरांत कारखान्याचं काम आलं. पत्रा कापायचा, सांधा भरायचा, ग्राइंडर मारायचा. याच कौशल्यातून पिलू पोचखानवाला यांनी मुंबईत शिल्पं उभी केली. त्यांच्या शोधक वृत्तीची ओळख आपल्या भागाला व्हायला हवी.

त्यांचा जन्म १९२३चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्या जाहिरात क्षेत्रात काम करत होत्या. १९५१ मध्ये युरोपात आधुनिक शिल्पं पाहिली आणि आयुष्याची दिशा बदलली. कलाशाळेचं रीतसर शिक्षण नव्हतं. शिल्पकार एन. जी. पानसरे यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. लाकूड आणि दगड हाताळून झाल्यावर त्या धातूकडे वळल्या, कारखान्यांतल्या टाकाऊ भागांपर्यंत पोहोचल्या.

यात नवं काय होतं, ते कार्ल्याच्या लेण्यांशी ताडून पाहिलं की कळतं. तिथे कातळातून नको तो भाग काढत आकृती मोकळी केली आहे. घाव चुकला तर निघालेला दगड परत बसत नाही, आणि दगडाचा लांब, बारीक हात अधांतरी ठेवला तर तो स्वतःच्याच वजनाने मोडू शकतो. वेल्डिंगमध्ये दोन तुकड्यांच्या कडा वितळतात आणि निवताना एकजीव होतात. पोलादाचा सडपातळ दांडाही दूरवर झेपावू शकतो, आणि मधली पोकळी शिल्पाचाच भाग होते. सांधा पटला नाही तर कापून पुन्हा जोडता येतो. पोचखानवालांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली.

या तंत्राचं नातं कारखान्याशी जुनं आहे. स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्सालेस १९१८ मध्ये पॅरिसजवळच्या रेनॉ मोटार कारखान्यात वेल्डिंग शिकले, आणि पुढे पिकासोने लोखंडी शिल्पांसाठी त्यांचीच मदत घेतली. पोचखानवालांच्या काळात भारतात जड धातूचं हे काम बाईने करणं मात्र दुर्मीळच होतं.

पोचखानवाला स्वतःच्या कामापुरत्या राहिल्या नाहीत. मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व्हावं म्हणून त्या झटल्या. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं, संग्रहालय सुरू झालं १९९६ मध्ये. हाजी अलीजवळचं त्यांचं ‘स्पार्क’ हे शिल्प मात्र पुढे तिथून काढण्यात आलं. सार्वजनिक जागी शिल्प बसवलं की त्याची निगा राखणंही आपलंच काम आहे, हे शहराने ओळखलं नाही.

मावळात आज धातू आहे, भट्ट्या आहेत, कसबी हात आहेत. इथल्या कंपन्यांनी थोडं भंगार आणि एखादी शेड शाळांतल्या व आयटीआयतल्या मुलामुलींसाठी द्यावी. ग्रामपंचायतींनी या मुलामुलींच्या शिल्पांना चौकात जागा द्यावी, शिल्पाखाली घडवणाऱ्यांचं नाव लिहावं आणि देखभालीची तरतूद पहिल्याच दिवशी करावी.