रंग गेला, पण मीठ राहिले!

नव्या सुती साडीचा रंग जाऊ नये म्हणून आपल्या माताभगिनी ती पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात बुडवतात. रंगाईच्या कारखान्यातही मीठ लागते, पण तेथे ते पोत्यांनी लागते. मिठामुळे सुती धाग्यात रंग चांगला शिरतो. रंग धाग्याला चिकटतो, मीठ मात्र सांडपाण्यात उतरते.

हे मीठ काय करते, ते तामिळनाडूतील तिरुपूरला विचारावे. बनियनसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर नोय्यल नदीकाठी आहे. या नदीवर शेतीसाठी बांधलेले ओरथुपाळयम धरण १९९२ साली पुरे झाले. पण त्यात साठले ते रंगाईचे सांडपाणी! आसपासच्या विहिरी खारावल्या, पिके गेली. शेतकरी न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ७०० हून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्याला न्याय मिळाला, पण कामगाराच्या हातचे काम गेले. दोघेही कष्टकरीच!

मग दोघांचीही चूल पेटती कशी राहावी?

चुन्यासारखी द्रव्ये घालून गाळ खाली बसवला, जिवाणूंकडून घाण खाववली, तर रंग बराच जातो. पाणी नितळ दिसते. परंतु विरघळलेले मीठ त्यातच राहते. ते काढण्यासाठी आर. ओ. पडद्याची गाळणी लागते.

लोणच्याच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते. म्हणजे पाणी आपणहून मिठाकडे ओढले जाते. आर. ओ. मध्ये याच्या नेमके उलट करतात. पंपाने मोठा दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून पलीकडे ढकलतात. मीठ आणि उरलासुरला रंग अलीकडेच अडतो. पलीकडचे पाणी पुन्हा रंगाईला वापरतात. अलीकडे राहिलेले अतिखारट पाणी आटवून त्यातील मीठही परत मिळवतात. नदीत थेंबही सोडायचा नाही, या अटीवर तिरुपूरचे कारखाने टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाले.

हे काम स्वस्त नाही. पंपाला वीज लागते, पाणी आटवायला वाफ लागते. पडदे तुंबतात, ते वेळोवेळी धुवावे लागतात. खर्च वाचवण्यासाठी कोणी चोरून पाणी सोडले, तर सारी यंत्रे असून नसल्यासारखी!

इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीकडेही कापड रंगते. तेथील आपल्या वाचकांना आम्ही दोन गोष्टी सांगू इच्छितो. पहिली, विहिरीचे पाणी नितळ दिसले तरी त्यातील क्षार तपासून घ्यावेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, असे भारतीय मानक आहे. दुसरी, सांडपाण्याच्या व गाळाच्या टाकीत विषारी वायू साचतो. मुकादमाने कितीही घाई केली, तरी हवेची तपासणी आणि सुरक्षेची साधने असल्याशिवाय आपल्या कोणीही टाकीत उतरू नये.